उन्हाचा तिसरा वास

शनिवार, १८ जानेवारी

धाकटी येऊन गेली. करंगळीएवढी काचेची बाटली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "दादा, हे रोज मनगटाला लावायचं आणि काय वाटतं ते लिहायचं. 'छान आहे', 'बरं आहे' असलं काही लिहिलंस तर बघ."

बाटलीला चिकटपट्टी, तिच्यावर तिच्या तिरप्या अक्षरात 'ऊन', खाली बारीक सहाचा आकडा. म्हणजे आधीची पाच उन्हं फसली असणार.

गेल्या वर्षी तिने दवाखान्याच्या औषध विभागातली नोकरी सोडली आणि स्वयंपाकघरात सुगंधी तेलं करायला बसली. मी तेव्हा म्हणालो होतो, "विचार कर." ती म्हणाली, "केला." आमची महत्त्वाची बोलणी साधारण एवढ्यातच आटपतात. आता पेठेतल्या एका दुकानाच्या मालकीणबाई तिचं तेल ठेवायला तयार आहेत, पण एकच, आणि मार्च संपायच्या आत. तिकडे दवाखान्यानेही तिची जागा मार्चअखेरपर्यंतच रिकामी ठेवायचं कबूल केलं आहे. हे सगळं तिने बुटाची नाडी बांधता बांधता सांगितलं. त्यावरून ते किती महत्त्वाचं आहे ते मला कळलं.

"मला अत्तरातलं काय कळतं?" मी म्हणालो.

"म्हणूनच तर. शिवाय तुझं नाक सरकारी आहे."

ते खरं आहे. मी पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करतो. शहरभरातल्या नळांचं आणि विहिरींचं पाणी कोमट करून हुंगतो आणि तक्त्यात लिहितो. बहुतेक वेळा लिहितो, 'वास : नाही'. हे दोन शब्द मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा लिहिले असतील.

तेलात काय काय घातलंय ते सांगेना. "तुमच्याकडे बाटलीवर गावाचं नाव असतं? नुसता नंबर असतो ना? का, तर नाव वाचलं की नाक तेच शोधत बसतं. तूच सांगितलंयस." माझाच नियम माझ्या गळ्यात घालून गेली.

जाताना खिडकीतल्या वाटीत साठलेल्या पेन्सिलीच्या सालींची पुडी बांधून तिने पर्समध्ये टाकली. मी म्हटलं, "अगं, कचरा आहे तो." म्हणाली, "कुंडीत घालते." तिच्या घरी कुंडी असल्याचं मला आठवत नाही. माझा करडा स्वेटरही तिने पावसाळ्यात नेला आहे. मागितला की म्हणते, "लागतोय मला."

रविवार, १९ जानेवारी

आंघोळीनंतर डाव्या मनगटाला एक थेंब.

पहिला वास लगेच येतो. संत्रं सोलताना सालीतून बारीक फवारा उडतो आणि डोळे मिटावे लागतात, तो. त्याच्यामागे जरा तिखटसर, आल्याच्या अंगाने जाणारं काहीतरी. हा वास सकाळचा आहे. 'सकाळचा' हा शब्द नोंदीत बसत नाही, पण खोडत नाही.

तासाभराने मधला. मेण, मध, आणि दुपारी दाराची पितळी मूठ धरल्यावर तळहाताला राहतो तसा तापल्या धातूचा वास. बाहेर ढग होते, खोलीत गारठा होता, तरी खिडकी उघडावी की काय असं मनात आलं. हा परिणाम वासाचा की अपेक्षेचा, ते सांगता येत नाही. बाटलीवर 'ऊन' लिहायला नको होतं. नियम तिनेच मोडला.

जेवण झाल्यावर तिसरा वास शोधला. धाकटीचं म्हणणं असं की तेलाचा जीव तिसऱ्या वासात असतो. पहिले दोन पाहुणे, येतात आणि जातात. तिसरा घरचा, तो राहतो. मला तो मिळाला नाही.

पद्धत नोंदवून ठेवतो. दोन नमुन्यांच्या मध्ये नाक कोरं करावं लागतं. कोणी त्यासाठी बाहेरच्या हवेत जाऊन येतं, कोणी शुद्ध पाणी हुंगतं. मी उजव्या कोपराच्या खळग्यात, शर्टाच्या बाहीत नाक खुपसतो. सवय जुनी आहे. तिथे कधीच कसला वास नसतो, तोच माझा शून्य. आज दुपारी आधी कोपर हुंगलं, मग मनगट, मग पुन्हा कोपर. तिन्ही वेळा सारखंच. म्हणजे मनगटावर काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी वाटलं, एकदा दुसऱ्या कोणाला हुंगायला सांगावं. घरात दुसरं कोणी नाही हे मला माहीत आहे. तरी मान वळलीच.

मंगळवार, २१ जानेवारी

धाकटीच्या 'रोज'ची अडचण आहे. वास तपासणाऱ्याने कामाच्या दिवशी तेल, अत्तर, सुवासिक साबण, काहीच वापरायचं नाही असा नियम आहे. म्हणजे आमच्याकडे ऊन फक्त शनिवारी आणि रविवारी.

नियम बरोबर आहे. प्रत्येक नमुना दोघं जण हुंगतात, एकमेकांचं न बघता लिहितात आणि मग ताडून बघतात. माझ्या जोडीला सूक्ष्मजीव विभागातल्या मॅडम असतात. इतकी वर्षं झाली, आमचं क्वचितच बिनसलं. म्हणजे वासांवरून. इतर कशावर बोलायचा प्रसंग येत नाही.

आज एका विहिरीच्या पाण्याला ओल्या गवताचा वास होता. दोघांनीही तेच लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "चला, आजचा दिवस वाया नाही गेला." त्या नेमकं कशाबद्दल म्हणाल्या ते विचारायचं राहिलं.

रविवार, २ फेब्रुवारी

तिसरा शनिवार-रविवार. पहिला आणि मधला वास आता मला पाठ झाले आहेत. मधला सुरू झाला की मी हातातलं काम ठेवून खिडकीशी बसतो. यात शास्त्रीय काही नाही. बरं वाटतं, एवढंच. धाकटीला 'बरं' चालत नाही म्हणून नीट सांगायचा प्रयत्न करतो. एखाद्या घरात पाहुणे म्हणून जावं, उन्हाच्या कवडशातली खुर्ची आपल्याला मिळावी, आणि आतल्या खोलीत यजमानांचं काही चाललेलं असावं. आपल्याशी बोलायची कोणाला घाई नाही, पण आपण आलो आहोत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तसं.

आणि मग ते यजमान निघून जातात. दुपारी तीननंतर काही नाही.

आज जिच्याशी माझं लग्न झालं होतं तिची आठवण झाली. सामानाची शेवटची पेटी खाली गेल्यावर ती दारात थांबली आणि म्हणाली, "या घराला वाससुद्धा नाही रे. माणूस राहतं असं वाटतच नाही." रागाने म्हणाली असती तर विसरलो असतो. मनात आलं होतं की वास नसणं हा आमच्याकडे दोष धरत नाहीत. ते मोठ्याने म्हणालो असतो तर ती कदाचित हसली असती.

बुधवार, ५ फेब्रुवारी

धाकटीचा फोन. तेलाच्या आतापर्यंतच्या नोंदी मी तिला पाठवल्या होत्या.

"पहिल्याचं छान लिहिलंयस. ते यजमानांचं तर मी दोनदा वाचलं. पण तिसरं काय? तिसऱ्याचं पान कोरं आहे."

"तिसरं नाहीच, म्हणून कोरं."

"नाही म्हणजे मंद आहे?"

"मंद असतं तर 'मंद' लिहिलं असतं. नाही म्हणजे नाही."

"सर्दी झालीये का तुला?"

"नाही झाली."

"दादा, नीट हुंग ना रे. घाई करू नकोस. डोळे मिटून हुंग."

"मी डोळ्यांनी हुंगत नाही."

एरवी अशा वाक्याला ती हसते. आज म्हणाली, "बरं, ठेवते," आणि ठेवला. मी फोन हातात धरून उभा राहिलो. तिला बरं वाटावं म्हणून 'अगदी किंचित' लिहिता आलं असतं. पण ती माझ्याकडे आली ती मी तसं लिहिणार नाही म्हणूनच. मग मी चुकलो कुठे? आणि चुकलो नाही तर असं का वाटतंय?

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज दुसरं नाक मिळालं.

आमच्या भांडारपालांचा निरोप समारंभ होता. सुट्टीचा दिवस, प्रयोगशाळा बंद, त्यामुळे सकाळी तेल लावून गेलो. कार्यक्रम लांबला. भांडारपालांनी प्रत्येक तुटलेल्या काचपात्राची आठवण काढली. चहा येईपर्यंत दुपार कलली होती. मॅडम माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. मी बराच वेळ मनाशी जुळवाजुळव केली आणि शेवटी मनगट पुढे करून म्हणालो, "जरा हुंगता का?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे. "नंबर काय नमुन्याचा?"

"सहा."

त्यांनी मनगट धरलं, वाकल्या, नेहमीच्या पद्धतीने दोन छोटे श्वास, एक मोठा. मग म्हणाल्या, "काय शोधायचंय?"

"काय येतंय ते सांगा."

"काही नाही हो. तुमचाच वास आहे. नेहमीचा."

"अत्तराचा नाही येत?"

"अत्तर? तुम्ही आणि अत्तर?" त्या हसल्या. "नाही बाई. तुमचा रोजचा आहे तोच. आज जरा ठळक आहे, एवढंच. समारंभ म्हणून असेल."

मनगट त्यांनी लगेच सोडलं नाही. खात्री करून घेत असाव्यात. दुसरं मत घेताना एवढी काळजी सगळेच घेत नाहीत.

दोन स्वतंत्र नाकं, एकच निष्कर्ष. आता शंकेला जागा नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

अहवाल घेऊन धाकटीच्या घरी गेलो. सुवाच्य अक्षरात, एकच पान. पहिला वास, मधला वास, सविस्तर. शेवटी : 'तिसरा वास : नाही. दुसऱ्या अनुभवी तपासनीसाकडून खात्री केली.' मॅडमचे शब्द जसेच्या तसे द्यावेत का असा विचार केला होता. पण त्यांचा तेलाशी संबंध नव्हता, आणि ते लिहायला मला जरा संकोचही वाटला. निष्कर्ष तेवढा दिला.

तिचं स्वयंपाकघर आता स्वयंपाकाचं राहिलेलं नाही. कढई माळ्यावर गेली आहे, ओट्यावर तपकिरी बाटल्या आणि थेंब मोजायच्या नळ्या. कपाटात काचेची मोठी बरणी दिसली आणि तिच्यात घडी घालून ठेवलेला माझा करडा स्वेटर. झाकण घट्ट. कसर लागू नये म्हणून असेल, पण अंगात न घालता 'लागतोय मला' म्हणजे काय? विचारणार होतो, तेवढ्यात तिचं वाचून झालं.

"दुसऱ्या तपासनीसालाही नाही?"

"नाही."

"कोण आहे तो?"

"मॅडम आहेत. माझ्यापेक्षा चांगलं नाक आहे त्यांचं."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "मला येतो रे. पण मी महिनोनमहिने तेच हुंगतेय. मनात असतं तेच नाकात येतं, हे तूच सांगतोस. माझ्या नाकावर माझाच विश्वास उरला नाही आता."

"दुसऱ्या कोणाला विचारून बघ."

"दुसऱ्यांचं काय करू?" ती म्हणाली. "ज्याला यायला हवा त्याला आला नाही. म्हणजे तो नाहीच त्यात."

माझ्या नाकावर तिने इतका भार टाकावा याचं मला ओझं वाटलं, थोडा अभिमानही वाटला. तो वाटायला नको होता. तिने बाटली परत मागितली, मी दिली. थोडं तेल उरलं होतं.

"सातवं ऊन कर," मी म्हणालो.

"सातवं नाही करता येणार," ती म्हणाली. "सामान संपलं."

चहा विचारायला विसरली. असं पूर्वी झालेलं नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

काही घडलं नाही, तरी लिहितो आहे. सवय लागली.

आंघोळीनंतर हात आपोआप टेबलाकडे गेला. तिथे बाटली नव्हती. दुपारी खिडकीशी बसलो. ऊन होतं, चांगलं कडक, पण त्यात काही नव्हतं. नुसतंच ऊन.

एक जुनी गोष्ट उगाच आठवली, विषयाशी संबंध नाही. आईची रात्रपाळी असायची. सुट्टीच्या दिवशी ती सकाळभर झोपायची आणि घरात आवाज करायचा नाही, म्हणून मी धाकटीला घेऊन मागच्या गॅलरीत बसायचो. मी भिंतीकडे तोंड करून रसायनशास्त्र पाठ करायचो. ती न्हाऊन आलेली असायची आणि माझ्या पाठीला पाठ लावून, उन्हाकडे तोंड करून बसायची. बडबड बडबड करायची आणि मग एकदम गप्प. म्हणजे झोपली. मग मला हलता यायचं नाही. तिच्या ओल्या केसांनी माझा स्वेटर मागून भिजायचा, उन्हाने वाळायचा. पेन्सिलीचं टोक मोडलं तर मी तसाच, न हलता, ती मांडीवर धरून तासायचो. माझा पुष्कळ अभ्यास त्या गॅलरीत बुडाला. मला वाटतं, मी तेव्हा वैतागत असे.

मंगळवार, ४ मार्च

बदलीवर जाण्याचा हुकूम आला. कायमची बदली नाही. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत काविळीच्या साथीमुळे नमुन्यांचा ढीग पडला आहे आणि हुंगणारी माणसं कमी. उरलेला बराचसा मार्च तिकडे.

मॅडम म्हणाल्या, "लवकर या. तुम्ही नसलात की त्या खोलीत नुसता क्लोरीन भरून राहतो."

त्यांचं बरोबर आहे. भिंतीतला पंखा कित्येक दिवस नीट चालत नाही. निघण्याआधी पंखा दुरुस्तीचा अर्ज देऊन ठेवला.

धाकटीला फोन केला. ती म्हणाली, "जाऊन ये. मी चोवीस तारखेला दवाखान्यात रुजू होतेय."

"ठरलं?"

"विचार केला," ती म्हणाली.

खिडक्या लावून, पडदे उघडे ठेवून, घर बंद केलं.

सोमवार, १० मार्च

इथल्या विश्रामगृहाच्या खोलीला फिनेलचा वास आहे, उशीला कोणाच्या तरी केसांच्या तेलाचा, गादीला ओलीचा. आधी राहून गेलेल्या सगळ्यांनी थोडं थोडं काही ठेवलं आहे. त्या गर्दीत मला झोप लागत नाही.

कामात एक विचित्र गोष्ट झाली. माझे कपडे इथल्या धोब्याकडे दिले होते. आज दोन नमुन्यांच्या मध्ये नेहमीसारखं कोपरात नाक घातलं तर तिथे वास होता. परक्या साबणाचा, परक्या पाण्याचा. शून्य सापडेना. दिवसभर प्रत्येक नमुन्यानंतर बाहेरच्या ओसरीवर जाऊन उभं राहावं लागलं. इथले सहकारी हसले. "साहेब, काम कमी आणि फेऱ्या जास्त!" मी काय सांगणार? माझा शून्य घरी राहिला.

शनिवार, २२ मार्च

सविस्तर लिहायला हवं. क्रम चुकू द्यायचा नाही.

दुपारी पोचलो. चार मजले चढून आलो, बॅग खाली ठेवली, किल्ली फिरवली, दार ढकललं आणि दारातच थांबलो. घरात कोणीतरी होतं.

म्हणजे तसं वाटलं. कोणीतरी बराच वेळ राहून, आता नुकतंच उठून आतल्या खोलीत गेलं असावं, असा वास. उन्हात बसून उबदार झालेल्या लोकरीचा. पेन्सिलीच्या लाकडाचा. वह्यांचा, साध्या साबणाचा, आणि या सगळ्याच्या खाली माणसाच्या पाठीचा. संत्रं नाही, मध नाही. ते पाहुणे जसे काही निघून गेले होते आणि घरचा तेवढा राहिला होता.

पहिला विचार आला तो असा : धाकटी येऊन गेली आणि बाटली सांडली. तिच्याकडे किल्ली आहे. मी बूट न काढता टेबल, ओटा, कपाट, सगळं पाहिलं. बाटली नव्हती, डाग नव्हता. जमिनीवर बंद घराची धूळ होती आणि तिच्यावर फक्त माझ्याच बुटांचे ठसे. ती आलेली नव्हती. आणि एवढं बघेपर्यंत वास गेला. सरत सरत नाही, एकदम. जणू नव्हताच.

बाहेर गेलो, दार ओढून घेतलं. नाक कोरं करायला कोपराकडे मान वाकवली आणि तिथेच थांबलो. शर्ट माझाच होता. जाताना घालून गेलेला, परतीसाठी बॅगेच्या तळाशी जपलेला, धोब्याकडे न दिलेला.

बाहीत तो होता. अगदी थोडा, पण होता.

मी जिन्याच्या खिडकीशी उभा राहून बाहेरची हवा घेतली आणि पुन्हा आत गेलो. चार श्वास. गेला. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. तीन श्वास. समोरचे काका दार उघडून बघत होते. रेल्वेत तिकीट तपासनीस होते, निवृत्त झाले तरी नजर गेली नाही.

"आत जायचंय का बाहेर, एकदा ठरवा की," ते म्हणाले.

"काका, माझ्या घराला वास येतो का?"

"म्हणजे काय, येतोच."

"कसला?"

ते गोंधळले. "तुमच्या घराचा," म्हणाले. "वाईट नाही हो," असंही म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आता चूक लिहितो. मी मनगट कोपराशी ताडून पाहत होतो. दोन्हींचा वास सारखा आला, म्हणून मनगटाला वास नाही असं ठरवलं. माझा शून्य म्हणजे मीच होतो, आणि तिने नेमकं तेच बाटलीत भरलं होतं. तुलनेची बाटली कोरी आहे की नाही ते आधी बघायचं, हे मी नव्याने येणाऱ्यांना पहिल्या दिवशी शिकवतो.

आणखी एक. जी दारात थांबून म्हणाली होती की या घराला वास नाही, तीही इथेच राहत होती. तिलाही येणं शक्य नव्हतं. मी एवढी वर्षं तिचं म्हणणं निकाल म्हणून धरून बसलो.

धाकटीला फोन लावला. मागे नळ वाहत होता.

"पोचलास?"

"पोचलो. ऐक, निकालात दुरुस्ती आहे. नमुना सहावा. तिसरा वास आहे."

नळ बंद झाला. "कधी आला?"

"आत्ता. दार उघडल्यावर."

"कुठलं दार?"

"माझ्या घराचं."

मग मी कोपराचं सांगितलं, पहिल्यापासून.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "तू स्वतःला हुंगून मला नापास केलंस."

"हो."

ती हसायला लागली. हसणं लांबत गेलं आणि मध्येच नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि त्या मॅडम? त्यांनाही आला नाही म्हणालास."

मी शब्दन्‌शब्द सांगितलं. काही नाही हो, तुमचाच वास आहे, नेहमीचा. आज जरा ठळक आहे.

"दादा, हे तू अहवालात लिहिलं नाहीस!"

"तेलाशी संबंध नाही असं वाटलं."

"तुला ना..." एवढंच म्हणाली. पुढचं राहूनच गेलं. मग म्हणाली, "गॅलरी आठवते?"

"आठवते."

"बस मग."

मी विचारलं, "दवाखान्याचं काय?"

"हो म्हणून बसलेय रे मी."

"लेखी?"

"तोंडी. परवा जाऊन सही करायची आहे."

"आणि मालकीणबाईंना?"

"त्यांना नाही म्हणायचा धीर झाला नाही. रोज उद्यावर ढकलतेय."

"मग अजून काहीच पक्कं झालेलं नाही. उद्या सकाळी ये. बाटली घेऊन ये. मी तोवर खिडक्या उघडत नाही, म्हणजे तुला ताडून बघता येईल."

"खिडक्या उघड रे बाबा, गुदमरशील. मला तर तुझ्या जिन्यातच येतो."

रविवार, २३ मार्च

खिडक्या उघडलेल्या नाहीत. घर तापलं आहे, मला घाम फुटला आहे, आणि वास म्हणाल तर मला आता कसलाच येत नाही. काल तीन-चार श्वासांपुरता आला, तेवढाच. पुन्हा हवा असेल तर आधी कित्येक दिवस इथून जावं लागेल. त्यापेक्षा तो दुसऱ्यांकडे राहू दे. आहे, असं कोणी सांगितलं तर मी मान्य करीन.

मालकीणबाईंसाठी नवा अहवाल लिहून ठेवला आहे. 'तिसरा वास : आहे' इथपर्यंत आलो. पुढे 'कसा?' या रकान्यात बराच वेळ काही सुचेना. शेवटी मॅडमचे शब्द लिहिले आणि खाली त्यांचं मत म्हणून नोंद केली. उद्या त्यांना विचारून घ्यायला हवं. पंख्याचा अर्जही मागे घ्यावा का, याचा विचार करतो आहे.

जिन्यात पावलं वाजताहेत. तिचीच, दोन पायऱ्या चढून एक दम. दाराशी आली. थांबली.

बेल वाजवत नाहीये. मीही उठत नाही. हुंगू दे तिला सावकाश.